विहिरीवरचा तवंग



या व्यासपीठावर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने आपण ऐकली आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते पेट्रोल पंपावर, युनियनच्या कचेरीत आणि याच गावच्या वाचनालयात. तेव्हा शास्त्रज्ञाच्या थाटात मी बोलणार नाही. जमिनीत मुरलेले पेट्रोल आणि त्याने नासलेले पाणी हा माझा आजचा विषय. तो माझ्याकडे पुस्तकातून आला नाही. एका भांडणातून आला. म्हणून आधी ते भांडण सांगतो.

1998 साल. एका पंपावरचे चार कामगार माझ्याकडे आले. पंपावर रोज सकाळी जमिनीतल्या टाकीत काठी बुडवून साठा मोजतात. त्याला 'डिप घेणे' म्हणतात. आदल्या दिवसाची विक्री वजा केली की हिशेब जुळला पाहिजे. तो जुळेना. रोज पाच-सहा लिटरांची तूट. मालकाने सरळ ठरवले की हे चोरतात, आणि पगारातून पैसे कापायला लागला. मी ठरवले की मालकच वहीत लबाडी करतो. आठ महिने आम्ही भांडलो. गेटवर सभा झाल्या, लेबर ऑफिसात खेटे झाले.

त्याच सुमारास पंपामागच्या वाडीतल्या एक बाई मला म्हणाल्या, "भाऊ, आमच्या विहिरीच्या पाण्याला वास मारतो. दोरालासुद्धा मारतो." मी म्हटले, बघू. आणि बघितले नाही! माझ्या डोक्यात पगारकपात होती. दोन महिन्यांनी विहिरीवर रंगीबेरंगी तवंग दिसला तेव्हा टाकी उकरली. तळाला गंज लागून भोक पडले होते. कामगार चोर नव्हते, मालक लबाड नव्हता, आणि आम्ही दोघेही आंधळे होतो. रोज सहा लिटर धरले तर आठ महिन्यांत चौदाशे लिटरांहून अधिक पेट्रोल जमिनीत गेले होते. पगार परत मिळाले. विहीर परत मिळाली नाही.

आता जमिनीत गेलेल्या पेट्रोलचे होते काय? ते खाली झिरपते. पाणी लागले की पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगते. काही मातीच्या कणांना चिकटून राहते, काहीची वाफ होते, आणि थोडे पाण्यात विरघळते. ते थोडेच घातक. त्यात बेंझीन असते, आणि बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. आपल्याकडे पेट्रोलमध्ये बेंझीन शंभरात एक भाग चालते. मी वहीत हिशेब मांडून पाहिला. अशा एका लिटर पेट्रोलमधले सगळे बेंझीन पाण्यात उतरले, तर सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला टेकते. एका लिटरात, मंडळी!

मग सफाई कशी करायची? पहिली गोष्ट, गळती थांबवायची. दुसरी, भोके पाडून पाण्यावर तरंगणारे तेल उपसायचे. तिसरी, मातीतली वाफ नळ्यांनी ओढून घ्यायची, आणि पाणी उपसून कोळशाच्या गाळणीतून काढायचे. फार भिजलेली माती खणून काढायची. आणि शेवटी जे उरते ते जीवाणूंवर सोपवायचे. तेल खाणारे जीवाणू मातीत मुळातच असतात. त्यांना हवा, ओल आणि थोडे नत्र-स्फुरद दिले की ते जोमाने कामाला लागतात.

पण या जीवाणूंच्या भरवशावर हात झटकू पाहणारेही भेटतात. त्यांना मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले बेमिजी दाखवतो. 20 ऑगस्ट 1979 रोजी तिथे तेलाची नळी फुटली आणि सुमारे 17 लाख लिटर कच्चे तेल सांडले. सफाई केल्यावरही सुमारे 4 लाख लिटर जमिनीत राहिले. 1983 पासून तिथल्या सरकारी भूशास्त्रज्ञांनी ती जागा अभ्यासाला घेतली. जीवाणूंनी खरोखर काम केले. विरघळलेले विष भूजलाच्या वेगाने पुढे सरकले नाही. पण चाळीस वर्षे उलटली तरी तेल तिथे होतेच. आणि ती जमीन वाळूची. आपल्या बहुतेक महाराष्ट्राखाली काळा पाषाण आहे. पाणी मुरुमातून आणि खडकाच्या भेगांतून वाहते. भेग कुठे वळते ते वरून कळत नाही. शेजारची विहीर कोरी आणि तिसऱ्या वाडीतली नासलेली, असे इथे होऊ शकते.

आमच्या त्या पंपावर सफाई झाली ती कशी? चार मजूर खड्ड्यात उतरवले, तोंडाला फक्त रुमाल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साठते. एक पोरगा भोवळ येऊन पडला. दोराने वर काढला म्हणून वाचला. माती ट्रॅक्टरने नेऊन गावाबाहेरच्या सखल रानात ओतली. याला सफाई म्हणत नाहीत. ही तर घाण शेजाऱ्याच्या दारी नेणे झाले.

1996 साली वेल्लूरच्या चामडे कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जो प्रदूषण करील त्याने भरावे. लोकांची भरपाई तर द्यावीच, पण बिघडलेली जमीन आणि पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही सोसावा. निर्णय चांगला आहे. तो वापरायला मात्र पुरावा लागतो, आणि पुरावा असतो त्या डिपच्या वहीत.

म्हणून माझे मागणे साधे आहे. तूट दिसली की कामगाराच्या खिशाकडे बघण्याआधी टाकी तपासा. खड्ड्यात माणूस उतरवण्याआधी हवा मोजा आणि त्याला योग्य मुखवटा द्या. खणलेली माती कुठे गेली याची पावती मागा. आजूबाजूच्या विहिरींचे पाणी एकदाच नव्हे, वर्षानुवर्षे तपासा.

आणि कोणी बाई येऊन म्हणाली की पाण्याला वास येतो, तर त्याच दिवशी जाऊन बादली वर काढा. मी गेलो नव्हतो. ती विहीर आता बुजवली आहे, आणि त्या वाटेने जाताना मला ती अजून दिसते.