मोबाईल काढून घेणार नाही, एवढं आधी सांगा



प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल बोलावं असं ठरलं आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर सकाळपासून चार-पाच जणींनी मला एकच विचारलं, "पोरं मोबाईलवर काय करतात समजत नाही, एखादं अ‍ॅप सांग ना." म्हणून त्याच विषयावर बोलते. इंटरनेटवरून मुलांचं लैंगिक शोषण होतं. गुरुजनांसमोर हे शब्द उच्चारायला संकोच वाटतो. पण असं करणारा माणूस आपल्या या संकोचावरच भिस्त ठेवून असतो.

तो मुलांशी खेळात किंवा इन्स्टाग्रामवर ओळख काढतो. आपण त्यांच्याच वयाचे आहोत असं भासवतो, कौतुक करतो, रिचार्ज मारून देतो. मग एक फोटो मागतो. तो हाती आला की भाषा बदलते. आणखी पाठव, पैसे दे, नाहीतर तुझ्या बापाला दाखवतो, गावभर करतो. यात मुलगेही सापडतात, आणि ते तर लाजेने बोलतच नाहीत. आता साध्या फोटोवरून खोटा नग्न फोटो बनवता येतो, त्यामुळे मुलाने काही पाठवलेलं असेलच असंही नाही.

आता अ‍ॅपचं सांगते. गुगलचं फॅमिली लिंक आहे. मुलाचा वेगळा मोबाईल असेल तर जरूर लावा. पण आपल्याकडे बहुतेक घरांत एकच मोबाईल, तोही बापाच्या नावाचा. त्याच्या खात्यावर दहा वर्षांचं पोरगं बसलं, तर कंपनीच्या लेखी तो चाळीस वर्षांचा माणूस. लहानांसाठी केलेली बंधनं त्याला लागतच नाहीत. तेंदूपत्त्याच्या हंगामात आईबाप पहाटेच जंगलात जातात, रोवणीत दिवसभर बांधीत असतात. मागे राहिलेल्या मोबाईलवर नजर कोण ठेवणार? आणि 'मोबाईल देऊच नका' म्हणावं, तर २०२० च्या टाळेबंदीत अभ्याससुद्धा त्याच्यावरच आला.

सरकार आणि कंपन्या काहीच करत नाहीत असं नाही. माहीत असलेल्या अशा प्रत्येक चित्राचा अंगठ्याच्या ठशासारखा एक आकडा काढतात. तेच चित्र पुन्हा कुणी चढवलं की आकडा जुळतो आणि खबर जाते. अमेरिकेतल्या संस्थेकडे जमा होणारी ही माहिती भारताला मिळावी म्हणून २०१९ मध्ये करार झाला. अशा खबरींवरून महाराष्ट्र सायबरने 'ऑपरेशन ब्लॅकफेस' मोहिमेत राज्यात गुन्हे नोंदवले, अटकाही केल्या. पण यंत्र ओळखतं ते मुख्यतः जुनं, नोंदलेलं चित्र. काल रात्री धमकावून काढून घेतलेल्या फोटोची खबर बहुतेकदा एकाच जागी असते, ती म्हणजे मुलाच्या पोटात.

मूल ती बाहेर का काढत नाही? कारण मार बसेल, मोबाईल जाईल. मुलीला वाटतं, शाळा बंद करतील, लग्न लावून टाकतील. आपल्या रागाची ही भीती हेच धमकावणाऱ्याचं भांडवल आहे. म्हणून काही घडायच्या आधीच मुलांना सांगा, "काहीही झालं तरी मला सांग. मी मारणार नाही, मोबाईल काढून घेणार नाही, शाळा बंद करणार नाही." आणि वेळ आली की शब्द पाळा. सगळ्यात कठीण काम तेच आहे.

मुलाने सांगितलं तर पैसे देऊ नका. चॅट पुसू नका. समोरच्याचं नाव, नंबर, तारीख लिहून ठेवा. तो फोटो नातेवाइकांना दाखवायला म्हणूनही पुढे पाठवू नका, तो गुन्हा ठरू शकतो. १०९८ ला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलिसांनी तेव्हा गणवेशात नसावं लागतं, शक्यतो महिला अधिकारी असते. मुलाचं नाव छापता येत नाही. 'टेक इट डाउन' या मोफत सेवेत तर फोटो कुणाला न पाठवता फक्त त्याचा आकडा देऊन तो काढून टाकण्याची विनंती करता येते.

गुरुजनांना एक नम्र विनंती. असं काही कानावर आलं तर 'गावातच बसून मिटवू' असं म्हणू नका. गुन्ह्याची खबर देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि मिटवलं की तो माणूस दुसऱ्या मुलाकडे जातो.

आपल्या शेजारच्या मेंढा-लेखात निर्णय घ्यायच्या आधी अभ्यास गटात बसून विषय समजून घेण्याची रीत आहे. तसाच पालकांचा गट आपल्या शाळेत बसवू. जूनमध्ये शाळा उघडल्यावर, रोवणी सुरू व्हायच्या आत, मी दोन दिवस सुट्टी घेऊन येते. मोबाईलमधल्या सोयी मी दाखवीन, पण पालकांशी गोंडीत बोलायला तुमच्यापैकी कुणीतरी सोबत हवं. जेवणानंतर नावं द्या.