तळ्याकाठी आठ रात्री
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला न्यूझीलंडच्या प्रवासाविषयी बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. परदेशी जाऊन आलेल्या बाईने मुलाच्या बंगल्याचे वर्णन करायचे आणि ऐकणाऱ्यांनी पदराआड जांभया द्यायच्या, हे आपण सर्वांनी सोसलेले आहे. म्हणून बंगला मी वगळते. सांगते ती फक्त आठ रात्रींची हकिकत. त्या आठ रात्री मी, वय एकसष्ट, आणि हे, वय सहासष्ट, तंबूत झोपलो.

यांना २०२१ साली हृदयविकाराचा झटका आला, हे आपणांस ठाऊकच आहे. तेव्हा तुम्ही पाळीपाळीने पोचवलेले डबे मी विसरलेले नाही. वर्षभराने डॉक्टर म्हणाले, आता हिंडायला-फिरायला हरकत नाही. पण माझे मन मानेना. जिना चढू नका, पिशवी उचलू नका. आणि गाडीची किल्ली माझ्या तांदळाच्या डब्यात! हळूहळू यांनी किल्ली मागणेच सोडले. खिडकीशी बसून सकाळचे वर्तमानपत्र संध्याकाळपर्यंत वाचायचे. मला वाटे, कसे सुरळीत चालले आहे!

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही मुलाकडे ऑकलंडला गेलो. तिकडे तेव्हा उन्हाळा. एके दिवशी जेवताना हे म्हणाले, "तुझी गाडी आणि तंबू दे. आम्ही दोघे तळी पाहून येतो." मुलाने माझ्याकडे पाहिले. मी डॉक्टरांना फोन लावला, ते नको म्हणतील या आशेने. ते म्हणाले, "अवश्य जा. औषधे मात्र चुकवू नका." झाले! औषधांची पिशवी, छोटी गॅसची शेगडी, तांदूळ, बेसन आणि मेतकूट घेऊन आम्ही निघालो. तिकडेही गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, एवढाच मला दिलासा.

ऑकलंडपासून रोटोरुआ गाव सुमारे २३० किलोमीटर. गावात शिरताच नासक्या अंड्यांचा वास आला. आमचीच अंडी नासली म्हणून मी भर रस्त्यात सगळी पिशवी उपसली. वास गावाचाच होता! जमिनीतून गंधकाचा वायू निघतो, बागेतल्या कुंपणाआड चिखल रटरटत असतो. माओरी भाषेत 'रोटो' म्हणजे तळे. रोटोरुआ म्हणजे दुसरे तळे, रोटोमाहाना म्हणजे ऊन तळे. या मुलखातली ही तळी ज्वालामुखींनी केलेल्या खळग्यांत साठलेली. आपल्याकडे लोणारचे तळेही ज्वालामुखीचे असे पुष्कळजणी समजतात, पण ते उल्का आदळून झालेले आहे. आपल्या ज्वालामुखीची खूण म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण. ती आग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवाली. तिकडची अजून जिवंत आहे.

आणि त्या आगीवर माणसे संसार करतात. रोटोरुआला लागूनच फाकारेवारेवा नावाचे माओरी लोकांचे गाव आहे. तेथे उकळत्या कुंडात मक्याची कणसे सोडतात, ती शिजून निघतात. वाफेच्या पेटीत स्वयंपाक होतो. जमीन इतकी तापलेली, की मृतांसाठी खड्डा खणता येत नाही. त्यांची थडगी जमिनीवर बांधतात. मी वाटाड्या बाईला विचारले, "भीती नाही वाटत?" ती हसली. कोठे पाय ठेवायचा आणि कोठे नाही, हे येथली मुले चालायला लागतात तेव्हाच शिकतात, असे तिने सांगितले. गावातल्या लोकांनी घरे तापवण्यासाठी विहिरी खणून इतके गरम पाणी उपसले, की कारंजी मंदावू लागली. तेव्हा १९८६-८७ मध्ये सरकारने पोहुतू या मोठ्या कारंज्यापासून दीड किलोमीटरच्या आतल्या विहिरी बंद करवल्या. पुढे झरे हळूहळू सावरले.

तेथून आम्ही तारावेरा डोंगराकडे गेलो. त्याच्या पलीकडे रोटोमाहाना तळ्याकाठी गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्यापायऱ्यांची दोन नैसर्गिक कुंडे होती. ती पाहायला त्या काळी विलायतेहून माणसे येत. १० जून १८८६ च्या मध्यरात्रीनंतर डोंगर फुटला. सकाळपर्यंत ती कुंडे नाहीशी झाली, गावे राखेखाली गेली, सुमारे १२० माणसे दगावली. ते वाइरोआ या गाडल्या गेलेल्या गावात आता उकरून काढलेली घरे दाखवतात. तेथे सोफिया नावाची वाटाडी बाई राहत असे. तिच्या घराचे छप्पर उतरते आणि भक्कम होते. राखेच्या ओझ्याने शेजारची छपरे कोसळत असताना साठएक माणसे तिच्या घरात वाचली. त्या जागी मी बराच वेळ उभी होते. वाचलेल्या लोकांपैकी पुष्कळजण पुढे कोठे राहायला गेले, ठाऊक आहे? त्याच फाकारेवारेवात, उकळत्या कुंडांच्या शेजारी!

त्या रात्री आमचा मुक्काम रेरेफाकाआइतू या तळ्याकाठी, सरकारी छावणीत. समोर तोच तारावेरा. छावणी म्हणजे गवताचे मैदान आणि साधे संडास, बाकी काही नाही. पिठले-भात झाला, आम्ही निजलो. मध्यरात्री वारा सुटला आणि पाऊस कोसळू लागला. तंबूची एक मेख उपटली, कापड तोंडावर आले. हे उठले आणि हातोडी शोधू लागले. "तुम्ही नका," हे शब्द माझ्या जिभेवर होते. तीन वर्षांची सवय! पण समोर यांचा चेहरा दिसला. झटक्यानंतर इतका जागा झालेला चेहरा मी पाहिला नव्हता. मी बॅटरी उचलली आणि बाहेर उजेड धरून उभी राहिले. यांनी सावकाश, मध्ये दम घेत, चार मेखा ठोकल्या. मी तणावे ओढून धरले. आत आलो तेव्हा दोघेही चिंब. मी नाडी पाहायला हात धरला, तर हे म्हणाले, "आधी चहा करतो." छत्तीस वर्षांत पहिल्यांदा यांनी केलेला चहा मी प्याले. साखर घालायची राहिली होती. मी बोलले नाही.

मग अंधारात हे म्हणाले, "तू मला वाचवलेस खरे, पण पुढे कपाटात ठेवून दिलेस." मला रडू आले. राग नव्हता त्या बोलण्यात, म्हणून अधिकच आले.

शेवटच्या दोन रात्री ताउपो तळ्यावर काढल्या. ते ६१६ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे बृहन्मुंबईहून मोठे. आपल्याकडे सातवाहनांचा काळ मावळला त्या सुमारास तेथे शेवटचा महास्फोट झाला. आता त्या पाण्यावर मुले नावा वल्हवतात आणि शास्त्रज्ञ खालच्या हालचालींवर सतत यंत्रे लावून बसलेले असतात. पहारा ठेवायचा, छप्पर भक्कम करायचे आणि मग कणसे शिजत घालायची, ही त्या मुलखाची रीत मी तेथे डोळ्यांनी पाहिली. मी मात्र घरी नुसता पहाराच ठेवत होते.

भगिनींनो, आपल्यात अनेकींच्या घरी दुखणेकरी माणूस आहे. पथ्य, औषध, तपासणी यांत हयगय करू नका, मीही करत नाही. पण त्या माणसाने एवढ्यात काही मागितले आहे का, हे आठवून पाहा. मागणे बंद झाले असेल तर ते बरे लक्षण समजू नका.

गाडीची किल्ली आता दाराजवळच्या खुंटीवर असते. हे बाहेर गेले की जिन्यावरच्या पावलांकडे माझे कान अजून लागतात. ती सवय सुटलेली नाही, आणि सुटेल असे वाटतही नाही. मात्र परत येताना हे भाजी घेऊन येतात. आणि दोन्ही पिशव्या स्वतः उचलतात.