नाव ठेवणं आणि नावं ठेवणं
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आज सकाळी दारातच एक गंमत झाली. संयोजकांनी प्रत्येकाच्या छातीवर नावाची चिठ्ठी लावली होती. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ माझ्यासमोर आले. चिठ्ठीवर लिहिलं होतं 'सुरेश', पुढे आडनाव. मी नमस्कार केला. त्यांनीही मला अदबीने विचारलं, "आपण कोणत्या तुकडीत होता?" तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ए सुऱ्या!" आणि त्या गृहस्थांनी ज्या पद्धतीने मान वळवली, ती बघून मला ओळख पटली. अरे, हा तर माझ्या बाकावरचा! तीन वर्षं ज्याच्या डब्यातली चटणी खाल्ली, त्याला मी 'आपण' म्हणत होतो.

मी ३८ वर्षं बँकेत नोकरी केली. लोकांची नावं लिहिण्यात आणि सह्या ताडून बघण्यातच उमेद गेली. म्हणून संयोजकांनी बोलायला सांगितलं तेव्हा ठरवलं, आपल्याला कळतं त्यावरच बोलावं. नावांवर बोलावं, आणि तेही मुलग्यांच्या नावांवर. मैत्रिणींनो, तुमची नावं लग्नात बदलली गेली, काहींची तर सगळीच. तो फार मोठा विषय आहे आणि त्यावर बोलायचा अधिकार तुमचा आहे.

मागच्या महिन्यात शाळेत जनरल रजिस्टरमधली आपल्या वर्षाची पानं बघायला मिळाली. आपण १९७८ साली दहावी झालो, म्हणजे जन्म बासष्टच्या आसपासचा. पहिल्या नावांवरून बोट फिरवलं. अशोक तीन, दिलीप तीन, सुरेश, रमेश, प्रकाश, विजय, अनिल, सुनील, राजेंद्र. मग मधल्या नावांवरून फिरवलं. गणपत, पांडुरंग, ज्ञानदेव, विठ्ठल, खंडू, महादेव, तुकाराम, दत्तात्रय. एकाच ओळीत दोन जगं होती. दिलीप गणपत. सुनील पांडुरंग. अनिल ज्ञानदेव.

आपल्या वडिलांची नावं ऐकली की घरातला देव कळायचा. घरात पंढरीची वारी असेल तर विठ्ठल, पांडुरंग, नामदेव. जेजुरीला जाणारं घर असेल तर खंडू, मल्हारी. ज्योतिबा असेल तर ज्योतिराम. महात्मा फुल्यांचा जन्म १८२७ सालचा, जोतिबाच्या यात्रेच्या दिवशीचा, म्हणून नाव जोती. नाव शोधायला कुणी पुस्तक उघडत नव्हतं. एक तर देवाचं ठेवायचं, नाहीतर आजोबाचं.

आणि आजोबाचं ठेवलं की घोटाळा व्हायचा. सुनेने सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. मग स्वतःच्या पोराला हाक कशी मारायची? त्यातूनच घरोघरी बाळ, बापू, नाना, आबा, अण्णा निपजले. अंगणात नागडं फिरणारं पोर, पण नाव 'आबा'! आजोबांच्या नावाचा मान त्याला जन्मतःच मिळालेला. असं हाकेचं नाव कधीकधी खऱ्या नावाला गिळून टाकतं. लोकमान्य टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरच्यांनी 'बाळ' म्हटलं आणि इतिहासानेही तेच लिहून घेतलं.

मग आपल्या वेळी असं काय झालं, की गणपतरावांच्या घरात दिलीप आला आणि पांडुरंगाच्या घरात सुनील? देश स्वतंत्र झाला होता, गावात शाळा आली होती, तालुक्याला सिनेमा आला होता. आपल्या वर्गातल्या तीन अशोकांचंच बघा. तिघांनाही मी या कार्यक्रमाच्या निमित्ताने फोन करून विचारलं. पहिल्याचे वडील तालुक्याला सिनेमा बघायला सायकलवरून जायचे, त्यांनी अशोककुमारवरून ठेवलं. दुसऱ्याचे वडील प्राथमिक शिक्षक, त्यांच्या डोळ्यांसमोर झेंड्यावरचं अशोकचक्र. तिसऱ्याच्या आईवडिलांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली होती. त्यांचा अशोक म्हणजे सम्राट अशोक.

हा तिसरा अशोक मला म्हणाला, "माझ्या आजोबांचं नाव केरू. केर म्हणजे कचरा. आमच्या आळीत अशीच नावं असायची. वडिलांनी ठरवलं होतं, पोराचं नाव राजाचं ठेवायचं." त्याच्या धाकट्या भावाचं नाव मिलिंद. पाली ग्रंथातला मिलिंद म्हणजे मिनँडर नावाचा ग्रीक राजा. त्याचं नाव आपल्या गावच्या आळीत नांदत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता. आपण तिघांनाही एकच नाव ठेवून मोकळे झालो होतो, अशक्या. पुढचा अशक्या, मधला अशक्या आणि खिडकीतला अशक्या.

आपल्या सुनीलचा जन्म गावसकर प्रसिद्ध व्हायच्या आधीचा. पण १९७१ साली गावसकरने वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या आणि आमच्या सुन्याची कॉलर ताठ झाली. जणू त्यातल्या निम्म्या त्यानेच काढल्या होत्या! पुढे गावसकरने आपल्या मुलाचं नाव रोहन ठेवलं, ते गयानाच्या रोहन कन्हायवरून. आपल्या मुलांच्या वेळी, १९८९ च्या नोव्हेंबरात, सोळा वर्षांचा सचिन कराचीला कसोटी खेळायला उतरला. पुढच्याच वर्षी मला मुलगा झाला. नाव काय ठेवलं असेल, हे सांगायला नको. त्या सचिनचं नाव तरी कुठून आलं? त्याच्या वडिलांना आवडणाऱ्या सचिन देव बर्मन यांच्यावरून. म्हणजे त्रिपुराच्या राजघराण्यातल्या एका संगीतकाराचं नाव मुंबईच्या मैदानावरून फिरत फिरत माझ्या घरी आलं. आपल्याला वाटतं नाव आपण निवडलं. खरं म्हणजे ते हवेत असतं आणि आपण ते झेलतो.

आता नातवंडांची पाळी. अथर्व, आरव, विहान, अर्णव, रेयांश. पहिल्यांदा ऐकलं की आपण कानावर हात ठेवून "काय म्हणालात?" असं विचारतो. हसू नका. आपल्या आज्यांनीही 'दिलीप' हे नाव असंच दोनदा विचारून घेतलं होतं. माझी आजी शेवटपर्यंत 'दिलप्या' म्हणत होती.

माझ्या नातवाचं नाव अथर्व. त्याच्या शाळेच्या वहीवर लिहिलंय अथर्व सचिन, पुढे आडनाव. ते बघून मी जरा वेळ गप्प बसलो. आपण रजिस्टरात पहिल्या नावाच्या जागी होतो. मुलं झाली तसे मधल्या नावाच्या जागी सरकलो. आता नातवाच्या ओळीत आपण कुठेच नाही. आणि ते योग्यच आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आपल्या राज्यात आता आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. रजिस्टरातली ओळ लांबली, आणि जिने नऊ महिने वाहिलं तिला त्यात जागा मिळाली, याचा मला आनंद आहे.

पण एक गोष्ट मात्र बदललेली नाही. गेल्या आठवड्यात अथर्वला शाळेतून आणायला गेलो होतो. फाटकातून पोरांचा लोंढा बाहेर आला आणि कुणीतरी बोंबललं, "अथ्या, थांब ना!" माझी सून शेजारी होती. एवढं शोधून ठेवलेलं नाव, तिचा चेहरा पडला. मला मात्र बरं वाटलं. नारायणाचा नाऱ्या झाला, प्रकाशचा पक्या झाला, इक्बालचा इक्या झाला, सचिनचा सच्या झाला आणि आता अथर्वचा अथ्या. हा 'या' जात बघत नाही, धर्म बघत नाही, पिढी बघत नाही. संत जनाबाईने तर प्रत्यक्ष विठ्ठलालाच 'विठ्या' म्हटलं होतं. देवाला असं म्हणायला केवढी जवळीक लागते!

मित्रांनो, या जवळिकीबद्दलच मला आज खरं बोलायचं आहे. आपल्या भाषेत एका अनुस्वाराचा फरक आहे. आईबाप नाव ठेवतात. आपण नावं ठेवतो.

आपल्या वर्गात एक धोंडीराम होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर आत्ता हसू आलं, ते मला इथून दिसतंय. तेव्हाही असंच यायचं. सातवीत भूगोलाच्या तासाला खडकांचे प्रकार चालले होते. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित. उदाहरण विचारल्यावर मी हात वर करून म्हणालो, "धोंडीराम." वर्ग दहा मिनिटं हसत होता. त्या दिवसापासून दहावीपर्यंत तो 'खडक' होता. हजेरीला त्याचं नाव आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी बाकावर दगड आपटल्यासारखा आवाज काढायचं. ते कुणीतरी बहुतेक वेळा मीच असायचो.

१९८८ मध्ये तो आमच्या शाखेत आला. मी तेव्हा काउंटरवर होतो. खात्यावरचं नाव बदलायचा अर्ज आणि सोबत राजपत्राची प्रत. जुनं नाव, नवं नाव. मी वर बघितलं आणि भर शाखेत ओरडलो, "अरे धोंड्या, तू!" रांगेतली माणसं हसली. तो काही बोलला नाही. अर्ज ठेवला, पोच घेतली आणि गेला. महिन्याभरात त्याने खातं दुसरीकडे हलवलं. मला वाटलं, शिष्ट झाला.

पुढे १९९४ साली विहिरीच्या कर्जाच्या पाहणीसाठी त्याच्या गावी जाणं झालं. त्याची आई घरी होती. मी त्याच्या वर्गातला आहे म्हटल्यावर तिने गुळाचा चहा केला. बोलता बोलता मी विचारलं, "काकू, असं नाव का हो ठेवलं होतं?" ती म्हणाली, "आधीची तीन लेकरं ऱ्हायली न्हाईत बाबा. चवथ्याला सासूबाई म्हनल्या, ह्याला धोंडा म्हना. धोंड्याला कोन नेतंय?"

मी तो चहा कसा प्यायलो, माझं मला माहीत. दगडू, धोंडू, केरू, भिकाजी ही नावं आपण किती सहज हसण्यावारी नेली. केरूसारखी काही वरच्यांनी तिरस्काराने लादली, हे तिसऱ्या अशोकाकडून आता कळलं. पण काही एखाद्या आईने मृत्यूपासून पोर लपवण्यासाठी ठेवली होती. चांगलं नाव ठेवलं तर दृष्ट लागेल, म्हणून पोराला दगड म्हणायचं आणि रात्रभर त्याचा श्वास मोजत बसायचं. आज आपण नाव ठेवताना त्याचा अर्थ किती सुंदर, ते बघतो. कारण पोर जगेल याची आपल्याला खात्री असते. लसी आल्या, दवाखाने आले आणि धोंडू हे नाव मागे पडलं. ते मागे पडलं ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या नावात लाजण्यासारखं काही नव्हतं. धोंडो केशव कर्वे यांना वयाच्या शंभरीत, १९५८ साली, देशाने भारतरत्न दिलं, ते याच नावाला. आपल्याला हे ठाऊक होतं, तरी आपण हसलो.

या मेळाव्यासाठी मी त्याचा नंबर मिळवला आणि फोन केला. आधी माफी मागितली. भूगोलाच्या तासाची आणि बँकेतल्या त्या दिवसाची. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नाव वाईट नव्हतं रे. आई शेवटपर्यंत मला धोंडूच म्हणत होती, तिला मी कधी अडवलं नाही. ती म्हणायची तेव्हा ते नाव होतं. तुम्ही म्हणायचात तेव्हा तो दगड होता."

मी विचारलं, "मेळाव्याला येतोस ना?" तो म्हणाला, "या वेळी नाही. तिथे सगळे मला काय म्हणून हाक मारतील, ते आधी बघ. मग कळव." हे सगळं तुम्हाला सांगायची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे. नवं नाव मात्र सांगू नकोस म्हणाला, ते तो स्वतः येऊन सांगणार आहे.

म्हणून माझी एकच विनंती आहे. आज दिवसभर आपण एकमेकांना सुऱ्या, पक्या, दिल्या म्हणणार आहोत. जरूर म्हणूया. आता जगात तसं म्हणणारी माणसं उरलीत किती? माझ्या आईनंतर मला एकेरी हाक मारणारे तुम्हीच आहात. पण आपल्यात कुणी काळ्या होता, कुणी तोतऱ्या होता, कुणी लंगड्या होता. ते सगळे आज इथे बसले आहेत आणि हसत आहेत. जेवताना त्यांच्याशेजारी बसा आणि हळूच विचारा, "तुला काय म्हणू?" एवढंच विचारा. साठी उलटल्यावर ते विचारायला लाज वाटायचं कारण नाही.

सरांना आणि बाईंना आपण काय काय नावं ठेवली होती, ते मात्र मी सांगणार नाही. सर, तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हाला ती तेव्हाही माहीत होती.

उद्या सकाळी मी त्याला फोन करणार आहे. काय सांगू, ते आज तुमच्याकडून ऐकून जाईन.