सात दिवसांची वारी

उन्हाळ्याच्या अखेरीला आमच्या बाळापूर तालुक्यात एक प्रश्न हमखास निघतो. शेगावची पालखी यंदा कधी निघणार? पालखी प्रत्यक्ष बाळापूर गावातून जात नाही, पण आमच्या तालुक्याला वळसा घालून जाते. आधी पारस, गायगाव, मग अकोला आणि पुढे वाडेगाव. त्यामुळे तालुक्यातल्या बहुतेकांनी पालखी पाहिलेली असते आणि अनेकांच्या मनात एकदा तरी पंढरपूरपर्यंत पायी जायचे असते. पण शेगाव ते पंढरपूर ही वाट सातशे किलोमीटरच्या पुढे जाते. त्याला महिना लागतो, आणि तो महिना नेमका पेरणीचा!

गावातले एक शेतकरी मला म्हणाले, "मास्तर, महिना कोठून आणू? पेरनी कोन करन?" मी म्हटले, "महिना नसेल तर आठवडा काढा." त्यावर त्यांनी विचारले, "सात दिसाची वारी देवाले चालते काय?" आज मी बोलणार आहे ते या दोन प्रश्नांवर. आठवडा कसा काढायचा, आणि तो चालतो का?

आधी तारखेचा हिशेब पाहू. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणजे आपल्या कॅलेंडरपेक्षा अकरा दिवसांनी कमी. म्हणून आषाढी दरवर्षी अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे उडी घेते. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला, २०२५ साली ६ जुलैला. पालखी त्याआधी महिनाभर निघते. २०२३ साली ती २६ मे रोजी निघाली, २०२४ साली १३ जूनला, २०२५ साली २ जूनला. आता याशेजारी पावसाची तारीख ठेवा. विदर्भात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्याला पोचतो. म्हणजे पालखी मेअखेर किंवा जूनच्या आरंभी निघाली, तर तिचा पहिला आठवडा शेतकऱ्याचा मोकळा आठवडा असतो. वखरणी झालेली असते, बियाणे घरात असते, नजर आभाळाकडे असते. २०२४ सारखे वर्ष असेल, तर तोच आठवडा वाफशात सापडतो. एकदा वाफसा गेला की तो परत बोलावता येत नाही. अशा वर्षी घरी राहण्यात काही उणेपणा नाही. पंचांग आणि हवामानाचा अंदाज दोन्ही पाहून वर्ष निवडावे.

आता वाट. पहिल्या आठवड्याचा क्रम साधारण असा असतो. पहिल्या दिवशी नागझरी करून मुक्काम पारसला. दुसऱ्या दिवशी गायगाव करून भौरद. मग दोन दिवस अकोल्यात. पाचव्या दिवशी वाडेगाव, सहाव्या दिवशी पातूर आणि सातव्या दिवशी घाट चढून मेडशी. संस्थान दरवर्षी वेळापत्रक जाहीर करते, ते पाहून खात्री करून घ्यावी. हा टप्पा आपल्यासाठी सोयीचा आहे. अकोल्याचे दोन दिवस नवख्या पायांना विश्रांती देतात. घर जवळ असते, काही झाले तर कोणत्याही मुक्कामाहून माघारी येता येते. आणि मेडशी अकोला-वाशीम रस्त्यावर असल्यामुळे परतायला एसटी मिळते. टप्पा कुठे सोडायचा हे ठरवताना ही गोष्ट पहिली पाहावी. भक्तीच्या भरात आडरानात थांबलेल्या माणसाला घरी आणायला दुसऱ्याला धावावे लागते.

एक शिस्त मात्र पाळायची. पालखीतले वारकरी संस्थानकडे नाव नोंदवून आलेले असतात, त्यांच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय मोजून केलेली असते. आपण मागून चालणारे. आपली भाकरी, आपली पथारी, आपले पाणी आपण पाहायचे. मुक्कामाच्या गावात पाहुणा-सोयरा असेल तर आधी कळवावे. लग्नातल्यासारखे अचानक दहा जण दारात उभे राहू नयेत.

तयारी दीड महिना आधी सुरू करावी. बाळापूरहून पारस नऊ-दहा किलोमीटर आहे. पहाटे निघावे, पारसपर्यंत पायी जावे आणि ऑटोने परत यावे. आठवड्यातून दोनदा हे जमले आणि दुसऱ्या दिवशी पाय कुरकुरले नाहीत, तर शरीर तयार होत आहे असे समजावे. जोडा नवा नको. महिनाभर वापरलेला, पायाला ओळखणारा हवा. ओला मोजा घालून चालू नये, त्यानेच फोड येतात. मुक्कामाला पोचल्यावर पाय धुऊन कोरडे करावेत आणि नीट तपासावेत. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी तर रोज तळवा पाहावाच, कारण त्यांना जखम दुखून कळत नाही. अशा मंडळींनी उपाशी चालू नये, गोळ्या चुकवू नयेत, खिशात साखर ठेवावी आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

ऊन हा या वाटेवरचा खरा परीक्षक. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पाऊस येईपर्यंत उतरायचे नाव घेत नाही. डोक्यावर ओले उपरणे, पाण्यात मीठ-साखर आणि लिंबू. वाडेगावचा लिंबूबाजार वाटेतच आहे! चालणे पहाटेचे आणि सायंकाळचे. पालखी पुढे गेली तर जाऊ द्यावी, सावलीत बसावे आणि रात्री मुक्कामाला गाठावी. घाम येणे थांबले, डोके गरगरले, बोलणे अडखळले, तर त्या माणसाला एक पाऊलही चालवू नये. सावलीत निजवावे, अंग ओले करावे आणि दवाखान्यात न्यावे.

पाठीवर चार-पाच किलोंपेक्षा जास्त ओझे नको. खरे ओझे घरी राहते. गुरांचे पाणी, दूध काढणे, पीककर्जाचे कागद, मुलांच्या शाळेचे प्रवेश. हे निघण्याआधी कुणाकडे तरी सोपवलेले असले पाहिजे. आणि घरातल्या बाईला जायचे असेल तर? तिच्या वाटची चूल सात दिवस कोण पेटवणार, हे त्या घराने ठरवायचे. माझ्या मते आठवड्याच्या वारीतला सर्वांत अवघड मुक्काम हाच.

आता दुसरा प्रश्न, अर्धीमुर्धी वारी चालते का? अमेरिकेत अॅपलेशियन नावाची डोंगरवाट आहे, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची, चौदा राज्यांतून जाणारी. ती एका दमात चालणारे थोडेच. अनेक जण दरवर्षी एक तुकडा चालतात, कित्येक वर्षांनी वाट पुरी करतात. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेत शेवटचे १०० किलोमीटर पायी आलेल्यालाही तिथले चर्च यात्रेचे प्रमाणपत्र देते. आपल्याकडे नर्मदेची खंड परिक्रमा करणारे असतातच.

आणि इतके लांब कशाला जायचे? दासगणूंच्या 'गजानन विजय' ग्रंथाच्या नवव्या अध्यायात आमच्याच बाळापूरच्या बाळकृष्ण आणि पुतळाबाई या रामदासी दांपत्याची कथा आहे. दरवर्षी पौषात ते दोघे घोड्यावर सामान लादून पायी सज्जनगडाला निघत, जालना, जांब, पंढरपूर करीत दासनवमीला गडावर पोचत. साठीनंतर शरीर थकले. पुढे येणे होणार नाही, या दुःखाने बाळकृष्ण रडले. तेव्हा स्वप्नात समर्थांनी सांगितले, आता इकडे येऊ नकोस, मीच तुझ्या घरी येईन. पुढच्या दासनवमीला त्यांच्या दारात गजानन महाराज उभे होते, असे ग्रंथ सांगतो. श्रद्धा असेल त्याने ती कथा श्रद्धेने घ्यावी. मला त्यात एवढेच दिसते की किती कोस चाललात याचा हिशेब कुणी मागितला नाही.

त्या दांपत्याकडून आणखी एक शिकण्यासारखे आहे, ते थंडीत निघत. मेडशीच्या पुढचा टप्पा पालखीबरोबरच चालला पाहिजे असे नाही. त्या वेळी आपल्या रानात पेरणी असणार. तूर घरात आली की माघात आठवडा काढावा, मेडशीला एसटीने उतरावे आणि रिसोडच्या दिशेने निघावे. तेव्हा पालखी नसेल, म्हणून मुक्कामाच्या गावी देवळात किंवा शाळेत आधी विचारून ठेवावे. वर्षाला शंभर किलोमीटर धरले तर सात-आठ वर्षांत चंद्रभागा येते. तोपर्यंत सात-आठ पेरण्याही वेळेवर झालेल्या असतील. त्या शेतकऱ्याला मी हेच उत्तर दिले. त्यांनी बोटांवर वर्षे मोजली आणि विचारले, "मंग पयल्या दिवशी किती वाजता निंघायचं?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)