सुकाणूची कडी

घराच्या दाराची बिजागरी निखळली, तर दार भिंतीला टेकवून ठेवतां येतें. सुतार येईपर्यंत घर कांहीं जागचें हलत नाहीं. जहाजाची गोष्ट वेगळी. त्याचें सुकाणूं म्हणजे पाण्यांत बुडालेलें एक दारच होय. जहाजाच्या पिछाडीस जो उभा खांब असतो, त्यावर धातूच्या कड्या बसविलेल्या असतात, आणि सुकाणूला खालीं तोंड केलेल्या जाड खुंट्या असतात. खुंट्या कड्यांत उतरविल्या कीं सुकाणूं डावी-उजवीकडे फिरूं लागतें. शिडें कितीही उत्तम असोत, तांडेल कितीही जाणता असो, त्याची इच्छा पाण्यापर्यंत पोंचते ती या वीतभर जोडांतूनच.

हा आधार भर समुद्रांत नाहींसा झाला म्हणजे काय ओढवतें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. स्कॉटलंडमध्यें डंबार्टन येथें सन १८६९ मध्यें बांधलेलें 'कटी सार्क' हें चहा वाहणारें शिडाचें जहाज जून १८७२ मध्यें शांघायहून लंडनकडे निघालें. 'थर्मोपिली' हें तितकेंच वेगवान जहाज त्याच सुमारास सुटलें होतें, आणि दोघांत चढाओढ लागली होती. हिंदी महासागरांत 'कटी सार्क' सुमारें ४०० मैल पुढें गेलें. परंतु १५ ऑगस्ट रोजीं, आफ्रिकेच्या पूर्वेकडील समुद्रांत, मोठ्या वादळानें त्याचें सुकाणूंच तोडून नेलें.

मालकाचा भाऊ जहाजावर होता. बंदराचा आश्रय घ्यावा, असा त्याचा आग्रह होता. कप्तान मूडी यांनीं तो मानला नाहीं. जहाजावरील सुतार हेन्री हेंडरसन यांनीं राखीव लांकडें व लोखंड घेऊन नवें सुकाणूं घडविण्यास आरंभ केला. लांकूड तासणें एक वेळ सोपें. परंतु लोखंड तापवावयाचें तें शेगडीवर, आणि शेगडी ठेवावयाची ती लाटांवर हिंदकळणाऱ्या जहाजावर! एकदां ती कलंडली, आणि सांडलेल्या निखाऱ्यांनीं कप्तानांचा मुलगा भाजला. तरीही सहा दिवसांत काम तडीस गेलें. १८ ऑक्टोबर रोजीं, १२२ दिवसांच्या प्रवासानंतर, जहाज लंडनला पोंचलें. 'थर्मोपिली' आठवडाभर आधीं येऊन दाखल झालें होतें. चढाओढ गेली, पण जहाज आणि माणसें वांचलीं. हेंडरसन यांना ५० पौंडांचें पारितोषिक मिळालें.

वादळांत काम करणाऱ्या सुताराची अशी स्तुति होते, आणि ती योग्यच आहे. परंतु सुकाणूची खरी दुरुस्ती किनाऱ्यावर, शांत हवेंत व्हावयाची असते. तिला टाळ्या मिळत नाहींत. शिवाय येथें शत्रु वादळासारखा गर्जत येत नाहीं. तो धातूंत लपून बसलेला असतो.

ब्रिटिश आरमारानें सन १७६१ मध्यें 'अलार्म' नांवाच्या जहाजाच्या तळाला, किडीपासून लांकूड राखण्यासाठीं, तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनीं पाहतात तों तांबें ठीक, पण ते पत्रे धरणारे लोखंडी खिळे पुष्कळ ठिकाणीं गंजून गेलेले! जेथें पत्र्याखालीं जाड कागद राहिला होता, तेथील खिळे मात्र शाबूत होते. दोन भिन्न धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांस भिडले कीं त्यांच्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो, आणि त्यांतील एक धातु झिजत जातो. सर हंफ्री डेव्ही यांनीं सन १८२४ मध्यें हेंच तत्त्व उलट वापरून, तांब्याला जस्ताचा अगर लोखंडाचा तुकडा जोडल्यास तांबें वांचतें, असें दाखविलें. आजही नौकांना जस्ताचा तुकडा लावतात तो यासाठींच. तो स्वतः झिजतो आणि कडीला राखतो.

म्हणून जुन्या नौकेची कडी बिघडली असतां नवी कडी आणून ठोकणें म्हणजे दुरुस्ती नव्हे. प्रथम सुकाणूं दोन्ही हातांनीं धरून हलवून पाहावें. तें खडखडलें, तर खुंटी बारीक झाली आहे किंवा कडीचें भोंक लांबट झालें आहे असें समजावें. मग धातूवर कानस फिरवावी. पितळेंतील जस्त समुद्राच्या पाण्यानें निघून जातें व गुलाबी, भुसभुशीत तांबें तेवढें उरतें. वरून अखंड दिसणारी अशी कडी ऐन वेळीं बिस्किटासारखी मोडते. तिच्या जागीं कांशाची कडी घालावी, आणि तिचे बोल्टही कांशाचेच घ्यावे. लोखंडी घातले तर 'अलार्म'च्या खिळ्यांची गत व्हावयाची.

कडीमागील लांकूड टोंचून पाहावें. तें मऊ लागल्यास जाड स्क्रू पिळून भागत नाहीं. कुजका भाग कोरून काढावा, निकोप लांकडाची खुंटी पक्की बसवावी आणि तींत नवें भोंक पाडावें. सगळ्या कड्या एका ओळंब्यांत आहेत कीं नाहींत, हें ताणलेल्या दोरीनें तपासावें; एक जरी तिरपी असली, तरी सारा भार एकाच कडीवर येऊन ती लवकर तुटते. शेवटीं, लांकडी सुकाणूं पाण्यांत तरंगूं पाहतें, याचा विसर पडूं नये. तें उचललें जाऊन कड्यांतून सुटूं नये म्हणून वर लहानशी अटक हवीच.

कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, तेव्हां अशा तपासणीला सवड असते. ज्याला कड्या पाहावयाच्या असतील, त्यानें त्या तेव्हांच पाहाव्या. भर समुद्रांत शेगडी पेटविण्याचा प्रसंग हेंडरसन यांनीं निभावून नेला; पण तो प्रसंग मुळांतच येऊं न देणारा कारागीर त्यांच्याइतकाच मोठा समजावा.