घरखर्चाची बेगमी



हे व्याख्यान ज्या दिवसांत होत आहे, त्याच दिवसांत आपल्या घरांतील किराण्याच्या वार्षिक खर्चाचा निकाल बहुतांशी लागत असतो, म्हणून हा विषय मी या ऋतूसाठी राखून ठेवला होता. माण, खटाव, जत आणि आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांतील शाळू नुकताच खळ्यावरून बाजारात आलेला असतो, तुरीची सुगी त्याच्याही आधी उरकलेली असते, ब्याडगीची मिरची पेठेत दाखल झालेली असते आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे भर रंगात असतात. कोरेगावचा घेवडा तेवढा खरिपाचा, त्याचे दिवस पावसाळा सरतानाचे. ज्या गृहिणीला हे पंचांग मुखोद्गत आहे, तिला घासाघीस करण्याची फारशी गरज पडत नाही. कारण मालाची आवक उदंड असताना भाव आपोआपच नरम असतो, आणि तोच माल श्रावणात पावशेर-पावशेर आणणाऱ्याने कितीही हुज्जत घातली तरी मधल्या चार महिन्यांचा आकार त्याच्या माथी बसल्यावाचून राहत नाही.

हा आकार कशाचा असतो, हे ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने सांगलीलगतच्या हरिपुरास जावे. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर वसलेल्या या गावच्या मातीत, तोंड अरुंद आणि पोट विस्तीर्ण अशी पेवे खणून त्यांत हळद साठविण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पेवाचे तोंड मातीने बंद केले की आतील हळदीला ना हवा लागे, ना कीड. आणि उघडताना कोंडलेली विषारी हवा निघून जावी म्हणून ते काही काळ तसेच मोकळे ठेवून, आत कंदील सोडून तो विझत नाही अशी खात्री पटल्यावरच हमाल उतरत. २००५ सालच्या महापुराने यांतील पुष्कळ पेवे निकामी केली आणि आता बराचसा माल वखारींत व शीतगृहांत जातो. परंतु पेव असो वा शीतगृह, साठवणुकीचे भाडे, गुंतलेल्या रकमेवरील व्याज, हमाली, तोलाई, दलाली आणि तूटफूट हे सर्व शेवटच्या ग्राहकाच्या पुडीत समाविष्ट होते. व्यापारी यांत काही अन्याय करतो असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. त्याने आपली रोकड अडकविली, जोखीम पत्करली आणि त्याचा मोबदला घेतला. माझे म्हणणे एवढेच की, हे काम आपल्या घरातील डब्यांना आणि कणग्यांना झेपण्यासारखे असेल तेथे तो मोबदला आपल्यापाशीच राहू शकतो.

अर्थात झेपेल तेवढेच. ज्वारी, गहू, तांदूळ कडक उन्हात वाळवून, दाताखाली कटकन फुटतील असे झाल्यावर कडुनिंबाच्या पाल्यासह भरावेत. डाळींना एरंडेलाचा हात द्यावा. हळकुंडे आणि मिरच्या अखंड ठेवून लागतील तशा कुटाव्यात. तेल, खोबरे, रवा, मैदा आणि पिठे यांची वर्षाची साठवण मात्र कधीही करू नये, कारण खवट झालेल्या जिन्नसात स्वस्ताईचा लाभ पुरता बुडतो. सरकारी आकारणीचाही येथे संबंध येतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधून छाप मारलेल्या धान्य, डाळी व पिठांवर पाच टक्के वस्तू व सेवा कर बसतो. सुट्या मालावर आणि त्याहून मोठ्या कट्ट्यावर तो बसत नाही. शिवाय वेष्टनावर किलोमागे अथवा ग्रॅममागे किंमत छापण्याचा दंडक आला आहे. तो बारीक अक्षरांतील आकडा वाचण्याची सवय घरातील मुलांना लावावी. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते हा समज त्याने पुष्कळदा दूर होतो.

आता मी खऱ्या अडचणीकडे येतो. वर्षाची बेगमी करण्यास सुगीच्या वेळी हातात रोकड लागते, आणि ज्याला काटकसरीची निकड सर्वांत अधिक, नेमकी त्याच्याच हाती ती नसते. मजुरीवर गुजराण करणारे कुटुंब रोजच्या रोज पुडी बांधून आणते, आणि मजुरी हुकली की वाण्याकडे उधारीची उचापत चालू होते. उचापतीच्या गिऱ्हाइकाला ना भाव विचारता येतो, ना दुकान बदलता येते. दरिद्री माणसाला त्याच तांदळासाठी श्रीमंतापेक्षा अधिक दाम मोजावे लागतात, ही गोष्ट मला अत्यंत लाजिरवाणी वाटते, आणि ‘जपून खर्च करा’ असा उपदेश त्याला करणे हे तर निव्वळ निर्दयपणाचे लक्षण होय.

या अडचणीवर एकत्र येऊन तोड काढता येते. इंग्लंडातील रॉचडेल येथील अठ्ठावीस जणांनी, ज्यांत विणकर बरेच होते, पै-पै साठवून डिसेंबर १८४४ मध्ये आपले दुकान उघडले, तेव्हा त्यांनी शुद्ध माल, चोख माप, रोखीचा व्यवहार आणि ज्याची जितकी खरेदी त्या प्रमाणात नफ्याची वाटणी हे नियम ठरविले. आपल्याकडे १९६२ नंतर सरकारी उत्तेजनाने ग्राहक भांडारे गावोगाव निघाली; त्यांतील कित्येक उधारीने आणि सभासदांच्याच अनास्थेने बुडाली, तर वारणाकाठी तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या वारणा बाजाराने खेड्यातील कुटुंबालाही एका छताखाली चोख माल मिळू शकतो हे दाखवून दिले. दुकानाचाही खर्च वाचविणारी पद्धत मुंबई ग्राहक पंचायतीची. बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके आदींनी १९७५ साली आरंभिलेल्या या संस्थेत शेजारची काही कुटुंबे एकत्र येऊन आपली मागणी आगाऊ नोंदवितात, घाऊक माल एका घरी येऊन पडतो आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. गाळ्याचे भाडे नाही, कारकुनाचा पगार नाही.

रोकडीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्याच सातारा जिल्ह्यात, म्हसवडला, सापडते. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली स्थापन झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेला, प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत या कारणास्तव रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला होता. तेव्हा त्या स्त्रियांनी अक्षरओळख करून घेतली आणि व्याजाचे हिशेब आपण तोंडी करून दाखवितो, असे अधिकाऱ्यांना बजावले. दारी येऊन अल्पस्वल्प बचत गोळा करणारी अशी संस्था असेल, तर सुगीच्या वेळची रक्कम उभी करणे दुष्कर नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, प्रत्येक आळीतील दहा कुटुंबांनी यंदा ज्वारी, तूरडाळ आणि हळद या तीनच जिनसांपासून आरंभ करावा. नमुना सर्वांनी मिळून पाहावा, वजन यार्डातील काट्यावर आपल्यासमक्ष करून घ्यावे आणि टेम्पोचे भाडे वजनाच्या प्रमाणात विभागावे. ज्या घरी रोकड नाही, त्या घराचा हिस्सा बचत गटाने भरावा आणि ते घर दरमहा वाण्याला जेवढे देत असे तेवढाच हप्ता त्याच्याकडून वसूल करावा. जमाखर्चाची वही घरोघर फिरती असावी, म्हणजे संशयाला जागा राहणार नाही. मृग लागण्यापूर्वी धान्याला निदान दोन-तीन कडक उन्हे मिळणे अवश्य आहे. तेव्हा मागणीची नोंद आणि पैशांची जमवाजमव याच पंधरवड्यात झाली पाहिजे.