मोटारीचा तोल आणि पोलादी दांडा



छत्तीस वर्षें मीं चिंचवडच्या परिसरांत मुलांना गणित शिकविलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुढें गेलें नाहीं. असा मनुष्य मोटारीच्या रचनेविषयीं काय बोलणार, असें कोणी विचारील. परंतु आमचा मुलूखच असा आहे कीं, येथें यंत्रापासून दूर राहतां येत नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत आकुर्डीस बजाजचा आणि पिंपरीस टेल्कोचा कारखाना उभा राहिला. २००९ सालीं चाकणास फोक्सवॅगनचा आला. जेथें फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० सालीं शाएस्तेखानाशीं संग्रामदुर्ग झुंजविला आणि जेथें कांद्याचा मोठा बाजार भरतो, तेथें आज मोटारी तयार होतात. माझे कितीतरी विद्यार्थी त्या कारखान्यांतून कामाला आहेत.

त्यांतलाच एक वेगवान मोटारींचा शौकीन. त्यानें एक जुनी, पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी, दणकट इंजिनाची मोटार घेतली. वळणावर ती फार कलते, म्हणून मागचा स्टॅबिलायझर बार काढून जाड घालावयाचें त्याच्या मनांत आलें. एके दिवशीं कागद घेऊन तो माझ्याकडे आला. "सर, वीस मिलिमीटरच्या जागीं चोवीस घातला तर ताठपणा किती वाढेल?" मीं मोठ्या उत्साहानें उत्तर काढून दिलें : दुपटीहून थोडा अधिक. तो आनंदानें गेला.

पुढें पावसाळ्यांत, राजगुरुनगराहून भीमाशंकरास जातांना, एका वळणावर वेग जास्त झाला असें वाटून त्यानें ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला. तत्क्षणीं मोटारीचा मागचा भाग बाहेर सरकला, ती आडवी फिरली आणि कठड्यावर आदळली. शेजारीं बसलेल्या त्याच्या पत्नीचा हात मोडला. माझें गणित बरोबर होतें. पण जो प्रश्न विचारावयास हवा होता, तो मीं त्याला विचारला नव्हता. आजचें भाषण म्हणजे तो राहिलेला प्रश्न होय.

हा दांडा म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. इंग्रजी यू अक्षरासारखा वांकविलेला हा स्प्रिंगच्या पोलादाचा दांडा असतो. त्याचा मधला भाग रबरी बुशांत बसवून मोटारीच्या सांगाड्याला धरलेला असतो आणि दोन टोंकें लिंक रॉडनें डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेलीं असतात. दोन्ही चाकें एकदम वर गेलीं, तर दांडा बुशांत नुसता फिरतो. त्याचा अडथळा होत नाहीं. एकच चाक वर गेलें, कीं ओला पंचा पिळावा तसा तो पिळला जातो आणि त्या पिळाला विरोध करतो. अशा दांड्याचें पेटंट १९१९ सालीं कॅनडांतील एका संशोधकास मिळालें. तेव्हांपासून मूळ कल्पना तीच आहे.

दांडा जाड केला कीं मोटार कमी कलते, एवढें सर्वांस ठाऊक असतें. पण वळणावर आंतल्या चाकांवरचें जें ओझें बाहेरच्या चाकांवर जातें, तें दांड्यानें फारसें कमी होत नाहीं. तें मोटारीच्या वजनावर, गुरुत्वमध्याच्या उंचीवर, चाकांमधील अंतरावर आणि वेगावर अवलंबून असतें. दांडा फक्त त्या ओझ्याची वांटणी ठरवितो : पुढच्या जोडीनें किती सोसावयाचें, आणि मागच्या जोडीनें किती.

चाकणच्या बाजारांतले दोन हमाल डोळ्यांपुढें आणा. दोघांच्या पाठीवर एकेक पोतें असेल तर काम नीट चालतें. एकाच्या पाठीवर दोन पोतीं देऊन दुसऱ्याला मोकळा ठेवला, तर पोतीं तेवढींच, पण पहिल्याचे पाय डळमळतात. टायरांचें असेंच आहे. ओझें दुप्पट झालें म्हणून रस्त्यावरची पकड दुप्पट होत नाहीं. म्हणून ज्या जोडीचा दांडा अधिक ताठ, त्या जोडीची एकूण पकड आधीं सुटते. पुढचा ताठ केला तर मोटार वळण्यास नाखूष होऊन सरळ जाऊं पाहते. मागचा ताठ केला तर ती चटकन वळते, पण मर्यादा ओलांडली कीं मागून घसरते. माझ्या विद्यार्थ्यानें पाय उचलला तेव्हां भार पुढें गेला, मागचीं टायरें हलकीं झालीं, त्यांत रस्ता ओला; आणि त्या जुन्या मोटारीत घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था नव्हती. मग दुसरें काय होणार?

आतां निवडीविषयीं. गोल, भरीव दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणें वाढतो. वीसच्या जागीं बावीस मिलिमीटर, म्हणजे जाडी दहा टक्के वाढली, तरी ताठपणा सुमारें ४६ टक्के वाढतो. दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठेसें, असें म्हणूं नये. पोकळ दांड्याचा आंतला व्यास बाहेरच्याच्या दोनतृतीयांश असेल, तर वजन सुमारें ४४ टक्के घटतें, ताठपणा मात्र वीसच टक्के. शिवाय आपल्या मोटारीची रचना पाहावी. २०१७ सालीं आलेल्या स्कोडा ऑक्टेव्हिया आरएससारख्या मोटारीत मागचीं चाकें स्वतंत्र असतात व तेथें निराळा दांडा असतो. चाकणास २०२२ पर्यंत तयार झालेल्या पोलोला मागें पिळली जाणारी तुळई आहे; ती स्वतःच पुष्कळसें दांड्याचें काम करते.

आणि आपले रस्ते विसरूं नयेत. फार ताठ दांड्यानें एका चाकाला बसलेला खड्ड्याचा धक्का दुसऱ्यालाहि पोंचतो. चाकण-तळेगांव रस्त्यावर रोज जाणाऱ्यानें याचा विचार अवश्य करावा. म्हणून दांड्याला हात लावण्यापूर्वीं टायरें, त्यांतली हवा, शॉक ॲब्सॉर्बर, बुश आणि लिंक रॉड तपासावेत. पुष्कळदां झिजलेला बुश बदलतांच तक्रार मिटते.

दांडा बसविल्यावर जुळवणी. कांहीं दांड्यांच्या टोंकांस दोन-तीन भोकें असतात. लिंक रॉड आंतल्या भोंकांत घातला कीं भुजा आखूड होते आणि ताठपणा वाढतो. तोहि साधारणपणें भुजेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत. भुजा २५० वरून २२५ मिलिमीटर केली तर वाढ सुमारें २३ टक्के. आरंभ नेहमीं सर्वांत मऊ भोंकापासून करावा. मोटार सपाट जागीं आपल्या चाकांवर उभी असतांना लिंक रॉडची लांबी अशी ठेवावी कीं, दांड्यांत पीळ राहणार नाहीं. नाहींतर डाव्या आणि उजव्या वळणावर मोटार निरनिराळी वागेल. बोल्ट ठरविलेल्या टॉर्कनें आवळावेत आणि शंभरएक किलोमीटरनंतर पुन्हा पाहावेत. एका वेळीं एकच बदल करावा व तो वहींत तारखेसह लिहावा. मोटारीची मर्यादा शोधण्याची जागा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेसारखी बंदिस्त धांवपट्टी होय. पुणें-नाशिक रस्ता नव्हे.

कायद्याचेंहि भान असावें. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमानें नोंदणींतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. आपला बदल त्यांत येतो कीं काय, तें आरटीओकडे विचारावें आणि विमा कंपनीस आधीं लेखी कळवावें.

त्या मुलीचा हात पुढें बरा झाला. मोटारीला मूळचा दांडा परत बसला, मागें नवीं टायरें आलीं, आणि वर्षानें तो पुन्हा कागद घेऊन माझ्याकडे आला. या वेळीं बावीस मिलिमीटरसाठीं. मीं आकडे मांडण्यापूर्वीं विचारलें, "मोटार तुला पुढून सरकते असें वाटतें, कीं मागून? कोरड्यांत, कीं पावसांत?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, आधीं नीट पाहून येतों."

त्या दिवशीं मला माझ्या विद्यार्थ्याचें समाधान वाटलें.